पोक्सो ८ आणि १२ लागलंय. अटकेपासून निकालापर्यंत काय होतं, आणि गल्लीतलं कुठलं बोलणं खरं?

गल्लीकर_करवीर
नमस्कार मंडळी. शेजारच्या २१ वर्षांच्या मुलावर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) कलम ८ आणि १२, सोबत भारतीय न्याय संहितेचं ७४ (विनयभंग) असा गुन्हा दाखल झालाय. फिर्याद १४ वर्षांच्या मुलीच्या आईची. परवा कोर्टात हजर केलं, तीन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. आई-वडील शेती करतात, कोर्टाची पायरी कधी चढलेले नाहीत. मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता.

घटना खरी की खोटी यात मला पडायचं नाही, ते कोर्ट बघेल. पण घरात बसलेला प्रत्येक जण वेगळंच सांगतोय. एक म्हणतो, मुलीकडच्यांबरोबर चार माणसं घेऊन बसा आणि मिटवा. दुसरा म्हणतो, दोन महिने झाले की आपोआप सुटतो. तिसरा वीस वर्षांची भीती घालतो. चौथा म्हणतो, जामिनाला मुंबई गाठायला लागणार. क्रमाने काय काय होतं, कुठले कागद जमवायचे आणि पुढं आयुष्यावर काय परिणाम होतो, हे जाणकारांनी सांगावं.

फौजदारी_बावडा
आधी मिटवामिटवीचं, कारण यातच माणसं सगळ्यात लवकर स्वतःचं वाटोळं करून घेतात. पोक्सोचा गुन्हा तडजोडीने मिटणाऱ्यातला नाही. फिर्यादी आईने उद्या स्टॅम्पपेपरवर "माझी तक्रार नाही" असं लिहून दिलं तरी खटला चालतो, कारण तो राज्य सरकार विरुद्ध आरोपी असा असतो. असा गुन्हा उच्च न्यायालयाकडून रद्द करून घेण्याचा मार्गही तडजोडीच्या जोरावर खुला होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात नेमकं हेच सांगितलं: पालकांनी तडजोड केली तरी अशा आरोपांचा गुन्हा रद्द होत नाही. उलट चार माणसं मुलीच्या दारात गेली की सरकारी वकिलाला "साक्षीदारांवर दबाव आणतात" हा मुद्दा आयता मिळतो. जामीन नाकारायला तो पुरतो, मिळालेला रद्द करायलाही पुरतो. धमकीच्या सुरात बोलणं झालं तर न्याय संहितेचं कलम २३२ वेगळं लागतं, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आरोपीच्या घरातल्या कुणीही, बायकांनीसुद्धा, त्या घराकडे फिरकू नये. फोन नाही, निरोप नाही, मध्यस्थ नाही.

आता कलमं. वीस वर्षं ही कलम ६ ची (शरीरप्रवेशाचा गंभीर प्रकार) किमान शिक्षा आहे, आणि मूल १६ वर्षांखालचं असेल तर कलम ४ चीही (शरीरप्रवेशाचा अत्याचार). २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे हे आकडे. कलम ८ म्हणजे लैंगिक हेतूने केलेला स्पर्श, ज्यात शरीरप्रवेश नाही. त्याला किमान ३, कमाल ५ वर्षं. कलम १२ म्हणजे लैंगिक छळ: शेरे, हावभाव, पाठलाग, मोबाइलवर काही दाखवणं. त्याला ३ वर्षांपर्यंत. पण हाच स्पर्श मूल १२ वर्षांखालचं असताना झाला, किंवा करणारा नातेवाईक, शिक्षक, पोलीस असला, किंवा तो पुन्हा पुन्हा झाला, तर कलम १० लागतं आणि शिक्षा ५ ते ७ वर्षांवर जाते. म्हणून फिर्यादीत "अनेक वेळा" असे शब्द आहेत का, ते वकिलाने आधी बघावं. तपासात पुढं कलम वाढू शकतं. "कपड्यावरून हात लावला, त्वचेला त्वचा लागली नाही" हा बचाव नोव्हेंबर २०२१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढलाय, त्यावर वेळ घालवू नका.

फिर्यादीची प्रत. लैंगिक गुन्ह्यांचे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकत नाहीत, त्यामुळे तिथे शोधत बसू नका. वकिलामार्फत कोर्टात अर्ज करून प्रत घ्या. त्याच वेळी अटकेची कारणं लेखी दिली होती का, नातेवाइकाला कळवलं होतं का, २४ तासांच्या आत हजर केलं का, हे तपासा. शिवाय सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी अटक का गरजेची होती ते नोंदवायचं असतं, नाहीतर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावता येतं. कलम ८ पाच वर्षांचं आहे, म्हणजे हा मुद्दा पहिल्याच रिमांडला मांडता येतो. बहुतेक जण तो मांडतच नाहीत, कारण तोवर वकीलपत्रच झालेलं नसतं.

पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपर्यंत, तीही तुकड्या-तुकड्यांनी घेता येते. ती संपली की न्यायालयीन कोठडी, म्हणजे कळंबा तुरुंग. नियमित जामिनाचा अर्ज विशेष न्यायालयात, कसबा बावड्याच्या न्याय संकुलात. तिथे नामंजूर झाला तर उच्च न्यायालय. आणि त्यासाठी मुंबई गाठायचे दिवस गेले. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथेच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोर सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं तिथे चालतात.

जामिनाला दोन जामीनदार लागतील असं धरून चला. सातबारा ताजा काढा, आठ-अ, आधार, रेशनकार्ड, आणि तलाठ्याचा अहवाल घेऊन तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला. आदेश झाल्यावर कागदासाठी धावपळ करणाऱ्या घरातला मुलगा आदेश होऊनही आत राहतो. मुलगी त्याच गल्लीतली असेल तर "गावात राहायचं नाही" ही अट हमखास पडते, तेव्हा दुसऱ्या तालुक्यातल्या नातेवाइकाचा पत्ता पुराव्यासह आधीच तयार ठेवा. खटल्याला जोर नाही असं वाटलं तरी ही अट पाळावी लागते.

पन्हाळा_रोड
दोन महिन्यांचं मात्र बरोबर आहे. नव्या कायद्यात पोक्सोचा तपास दोन महिन्यांत संपवायचा असं स्पष्ट लिहिलंय. नाही संपला तर सोडावंच लागतं.

फौजदारी_बावडा
@पन्हाळा_रोड, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३ म्हणतं की पोक्सोच्या ४, ६, ८, १० या कलमांचा तपास दोन महिन्यांत पूर्ण करा. ती पोलिसांवरची जबाबदारी. आरोपीला सुटण्याचा हक्क कलम १८७(३) मधून येतो आणि तिथे शिक्षेनुसार ६० किंवा ९० दिवस आहेत. दहा वर्षं वा त्याहून जास्त, जन्मठेप किंवा फाशी असलेल्या गुन्ह्याला ९०, बाकीच्यांना ६०. म्हणजे इथे, कलम ८ वर, ६०. उद्या कलम ४ किंवा ६ वाढवलं तर ९०.

आणि "आपोआप" काही होत नाही. दिवस अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या तारखेपासून मोजायचे, ती तारीख धरून. मुदत संपूनही दोषारोपपत्र आलेलं नसेल तर लगेच लेखी अर्ज द्यायचा आणि जामीन भरायची तयारी दाखवायची. अर्ज नसताना दुसऱ्या दिवशी दोषारोपपत्र दाखल झालं तर हक्क गेला. साठावा दिवस कुठला, हे घरच्यांनी कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवावं, वकिलावर सोडू नये.

बालसंरक्षण_कार्यकर्ती
आरोपीकडच्यांना मुलीच्या बाजूने काय चालतं हे माहीत नसतं, आणि त्यातून गैरसमज वाढतात. म्हणून ही दुसरी बाजू.

मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतात. शक्यतो महिला अधिकारी, उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाची, गणवेशात नाही. रात्री मुलीला ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं आणि समिती मुलीला मदतनीस व्यक्ती देते, जी खटला संपेपर्यंत बरोबर राहते. त्यानंतर दंडाधिकाऱ्यापुढे जबाब होतो, तो पोलीस लिहून घेतात त्याहून वजनदार. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरकडून, आई किंवा विश्वासाच्या माणसासमोर. दोन बोटांची चाचणी २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण बंद केलीय, कुणी केली तर तो गैरवर्तणुकीचा विषय. कलम ८ सारख्या प्रकरणात तपासणीत काहीच सापडलं नाही, याचा अर्थ काही घडलं नाही असा होत नाही. स्पर्शाच्या खुणा राहत नाहीत. तिथे मुलीची साक्ष हाच मुख्य पुरावा असतो आणि ती विश्वासार्ह वाटली तर एकट्या साक्षीवर शिक्षा होते.

कोर्टात सुनावणी बंद दालनात. मुलीला आरोपी दिसू नये अशी व्यवस्था, पडदा किंवा व्हिडिओ. बचाव पक्षाच्या वकिलाने प्रश्न न्यायाधीशांना द्यायचे, न्यायाधीश मुलीला विचारतात. चारित्र्यावरचे प्रश्न चालत नाहीत, पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावता येत नाही. मुलीच्या कुटुंबाला स्वतःचा वकील ठेवता येतो, तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. मनोधैर्य योजनेच्या (पीडितांसाठी राज्य सरकारची योजना) मदतीचा अर्जही तिथेच. आरोपीच्या जामीन अर्जाची माहिती मुलीकडच्यांना मिळायलाच हवी, मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्याबद्दल सविस्तर निर्देश दिलेत. तेव्हा जामिनाच्या तारखेला तिची आई कोर्टात दिसली तर "पैसे खाऊन मागे लागलीय" असलं काही पसरवू नका.

आणि पसरवण्यावरून. मुलीचं नाव, फोटो, शाळा, पालकांचं नाव, गल्लीसकट पत्ता, यातलं काहीही व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं तर पोक्सोच्या कलम २३ खाली सहा महिने ते एक वर्ष. "आमच्या पोराला अडकवलं" अशा पोस्टखाली आईचं नाव लिहिलं की मुलगी ओळखू येते, आणि ते लिहिणारा मामा आरोपी होतो. हे वारंवार होतं. इथेही @गल्लीकर_करवीर, गावाचं नाव वा गल्ली लिहू नका, तुमच्या नावावरून तालुका कळतोय तेवढं पुरे.

एक राहिलं. ज्यांना घटना कळली होती आणि ज्यांनी कळवलं नाही, त्यांच्यावरही कलम २१ लागू शकतं. संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. "आधी आपापसात बघू" म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना किंवा गावकारभाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

गल्लीकर_करवीर
धन्यवाद ताई, लक्षात ठेवतो. दोन शंका. मुलीचं वय खरंच १४ आहे का, हे कशावरून ठरतं? आणि पोलिसांनी मोबाइल नेलाय. त्यातले मेसेज दुसऱ्या फोनवरून काढून टाकायला एक पाहुणा सांगतोय.

फौजदारी_बावडा
पाहुण्याला घरी पाठवा. खात्यात दुसरीकडून घुसून काही पुसलं तर पुरावा नष्ट केल्याचं न्याय संहितेचं कलम २३८ लागतं, आणि पुसलेलं बऱ्याचदा तपासात परत निघतं. मग "का पुसलं" याचं उत्तर नसतं. आरोपीच्या बाजूचा पुरावा असेल, उदाहरणार्थ त्या वेळी तो दुसरीकडे असल्याचं दुकानातलं चित्रण, तर तो जपून ठेवण्याची घाई करा. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) भरला की जुनं चित्रण आपोआप जातं. तपासी अंमलदाराला लेखी पत्र द्या, पोच घ्या, दखल नाही घेतली तर कोर्टात अर्ज. स्वतः क्लिप काढून पेनड्राइव्हवर ठेवलीत तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, त्यावर ज्याच्या यंत्रातून काढलं त्याची आणि तज्ज्ञाची सही हवी.

वयाचं. बाल न्याय अधिनियमाचं कलम ९४ क्रम ठरवून देतं: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची चाचणी. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पी. युवप्रकाश प्रकरणात शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा या कलमाखाली पुरेसे धरले नाहीत. आपल्याकडे १ जून जन्मतारीख असलेली अर्धी शाळा असते, त्यामुळे १७-१८ च्या सीमेवर हा वाद जिंकता-हरता येतो. पण १४ आणि १८ मध्ये चार वर्षांचं अंतर आहे. इथे त्यावर शक्ती घालवण्यात अर्थ नाही. संमतीवरही नाही. १८ खालच्या मुलाची संमती कायद्याला माहीतच नाही.

पुढचा क्रम थोडक्यात. दोषारोपपत्र, त्याच्या प्रती आरोपीला, मग दोषमुक्तीचा अर्ज द्यायचा असेल तर तो, नाहीतर दोषारोप निश्चिती. मग साक्षी: पंच, मुलगी, आई, डॉक्टर, वयासाठी मुख्याध्यापक, शेवटी तपासी अंमलदार. त्यानंतर आरोपीचा जबाब, बचावाचे साक्षीदार, युक्तिवाद, निकाल. कायदा म्हणतो मुलीची साक्ष कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत, खटला शक्यतो वर्षात. प्रत्यक्षात प्रयोगशाळेचा अहवाल उशिरा येतो, अंमलदाराची बदली होते, पंच समन्स घेत नाही, आणि तारखा पडत राहतात. जामिनावर असलेल्या आरोपीने एकही तारीख चुकवू नये, वॉरंट निघतं.

या कायद्यातली सगळ्यात जड गोष्ट म्हणजे कलम २९. साध्या फौजदारी खटल्यात आरोपी निर्दोष धरून सुरुवात होते. इथे ३, ५, ७, ९ या कलमांखालच्या आरोपात, म्हणजे कलम ८ मध्येही (गुन्ह्याची व्याख्या ७ मध्ये, शिक्षा ८ मध्ये), कोर्ट गुन्हा केला असं गृहीत धरतं आणि तो केला नाही हे आरोपीने दाखवायचं. पण आधी सरकार पक्षाने मूळ गोष्टी उभ्या करायच्या असतात: वय, घटना, ओळख. मुलीची साक्ष उलटतपासात टिकली नाही तर गृहीतकाला पायाच राहत नाही. "मला काही माहीत नाही, सगळं खोटं आहे" एवढंच म्हणून बसणारा आरोपी या कायद्यात अडकतो. काही सांगायचं असेल तर ते पुराव्यानिशी आणि वेळेत सांगावं लागतं. वकिलाची ऐपत नसेल तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कोर्टाच्या आवारातल्या लोकअभिरक्षक कार्यालयात जा, किंवा १५१०० वर फोन.

शिक्षा झालीच तर अपील उच्च न्यायालयात, ६० दिवसांत, सोबत शिक्षा स्थगितीचा अर्ज. आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात.

आस्थापना_शाखा
भरतीचं मी सांगतो. नुसता गुन्हा दाखल झाला म्हणून अर्ज भरायला बंदी नसते, पण चारित्र्य पडताळणीत तो दिसतोच. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे उमेदवाराने स्वतःबद्दल भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, अटक, गुन्हा, खटला याबद्दल थेट प्रश्न असतात. लपवलं तर ते लपवणंच नोकरी जायला पुरेसं ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात याचे नियम घालून दिलेत. खरं लिहिलं तरी खटला चालू असताना नियुक्ती थांबते, आणि पोलीस दलात विशेषतः. निर्दोष सुटल्यावरही निकालात "संशयाचा फायदा" असं आहे की पुरावाच नव्हता असं आहे, हे नियुक्ती अधिकारी वाचतो. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात संशयाचा फायदा मिळालेल्याला नाकारायचा अधिकार त्याला आहे. म्हणून निकालपत्राची प्रमाणित प्रत आणि त्यातली भाषा दोन्ही महत्त्वाची.

घरात कुणी आधीच सरकारी नोकरीत असेल त्यांच्यासाठी: ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की अटकेच्या तारखेपासून निलंबित मानतात, निर्वाह भत्ता मिळतो, आणि विभागीय चौकशी खटल्याहून वेगळी चालते. पासपोर्टला खटला चालवणाऱ्या न्यायालयाची परवानगी लागते. आदेशात मुदत लिहिली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जातच मुदत मागा. दोषी ठरला तर नाव लैंगिक गुन्हेगारांच्या राष्ट्रीय नोंदीत जातं. ती फक्त तपास यंत्रणांना दिसते, लोकांना नाही. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर विधानसभा-लोकसभेला सुटकेनंतर सहा वर्षं उभं राहता येत नाही.

गल्लीकर_करवीर
अजून एक, आत्ताच कळलं. फिर्यादीत मुलाच्या १७ वर्षांच्या भावाचंही नाव आहे, "बाहेर उभा होता" म्हणून. त्यालाही कळंब्याला नेतील का?

बालसंरक्षण_कार्यकर्ती
नाही. तो कायद्याच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं १८ खालचं मूल. त्याला लॉकअप नाही, तुरुंग नाही, बेडी नाही. २४ तासांत बालन्याय मंडळापुढे न्यायचं आणि पालकांना लगेच कळवायचं. गुन्हा जामीनपात्र आहे की नाही हे न बघता त्याला जामिनावर सोडायचं, हा नियम. तो वाईट संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतू फसेल असं मंडळाला वाटलं तरच नाकारतात, आणि मग निरीक्षणगृहात. १६ ते १८ च्या मुलाला प्रौढासारखं चालवायचं की नाही याची प्राथमिक तपासणी फक्त किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात होते. कलम ८ ला किमान तीन आहे, तेव्हा ती वेळ इथे येत नाही. मोठ्या भावाचा खटला बावड्यात आणि याची चौकशी मंडळापुढे, दोन्ही वेगळ्या चालतील, वकीलही वेगळा ठेवलेला बरा, कारण दोघांचं म्हणणं एकमेकांविरुद्ध जाऊ शकतं.

पोलिसांनी बोलावलं तर मुलाला एकटं पाठवू नका. आई किंवा वडील बरोबर, हातात शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, आणि जन्मदाखल्याची मूळ प्रत. वय त्याच क्षणी कागदावर दाखवलं नाही आणि पोलिसांनी "अंदाजे १९" लिहिलं, तर ते दुरुस्त होईपर्यंत तो मोठ्यांच्या कोठडीत राहतो.